आमच्या माहितीची पोच द्या
(विद्यापीठांना आणि नेकनूरकरांना एक जाहीर विनंती)



आपल्या बाजारात बैलाचे दात पाहून, उपरण्याखाली बोटे दाबून सौदा पटला, तरी पावती फाटल्याशिवाय ते जनावर घेणाऱ्याच्या दावणीचे झाले असे कोणी मानीत नाही. जमिनीची खरेदी झाली तरी तलाठ्याच्या दप्तरी फेरफाराची नोंद पडेपर्यंत आपल्या डोळ्याला डोळा लागत नाही. इतक्या चोख वहिवाटीच्या या गावातून एक जिन्नस मात्र वर्षानुवर्षे राजरोस आणि विनापावती बाहेर जात आहे, आणि त्याबद्दल कोणी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही. तो जिन्नस म्हणजे आपली स्वतःची माहिती.

काही वर्षांपूर्वी एक तरुण संशोधक माझ्या ओसरीवर आला होता. पाठीला पिशवी, हातात छापील प्रश्नावली आणि बोलण्यात विलक्षण अदब. जमीन किती, विहिरीला पाणी कोणत्या महिन्यापर्यंत, सावकाराचे किती आणि सोसायटीचे किती, घरातले कोण ऊसतोडीला जाते, असे प्रश्न त्याने दीड तास विचारले. माझी आई तेव्हा हयात होती. बिऱ्हाडाचे जे दुःख तिने सख्ख्या भावाला सांगितले नव्हते ते तिने त्या परक्या पोराला सांगितले, आणि तो उठताना एवढेच विचारले, ‘लेकरा, ह्ये लिहून नेल्यालं पुन्हा कवा वाचून दावणार?’ तो हसला, ‘नक्की येतो, आजी,’ म्हणाला आणि गेला. त्याला पदवी मिळाली असेल. मिळावी, अशीच माझी इच्छा आहे. मात्र आईच्या प्रश्नाचे उत्तर घेऊन कोणीही परत आले नाही. त्या संशोधकाचे वा त्याच्या विद्यापीठाचे नाव मी येथे घेत नाही, कारण हा दोष एकाचा नसून रिवाजाचा आहे, आणि हे पत्रक त्या रिवाजाविरुद्ध आहे.

‘विद्यापीठांनी आम्हाला काय दिले?’ असा कुत्सित सवाल चावडीवर नेहमी होतो. तो करणाऱ्यांच्या पंगतीला मी बसणार नाही. बियाण्याच्या दुकानात उभे राहून आपण ‘सातशे अकरा द्या’ म्हणतो आणि तुरीची पिशवी खांद्यावर टाकतो; त्या आकड्यामागील बीडीएन ही अक्षरे बदनापूरची आहेत, आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या तेथील केंद्रात तुरीवर पिढ्यान्‌पिढ्या काम झाले आहे, हे पिशवी उचलणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक असते? भेंडीची गोष्ट तर याहून मासलेवाईक आहे. पांढऱ्या माशीने पसरणाऱ्या केवड्याने पानांच्या शिरा पिवळ्या पडत, फळ फिकट व राठ निघे आणि भरल्या वाफ्यातून बाजारात नेण्याजोगी टोपली हाती लागत नसे, अशा काळात, म्हणजे १९८० च्या दशकात, परभणीच्या संशोधकांनी रानभेंडीच्या जातीतील रोगाशी झुंजण्याचा गुण ‘पुसा सावनी’ या लागवडीच्या वाणात संकराने उतरविला, आणि ‘परभणी क्रांती’ देशभर पेरली गेली. पुढे रोगानेही आपला डाव बदलला आणि त्या वाणाची पूर्वीची मातबरी उरली नाही, हेही खरेच. पण म्हणूनच संशोधन हे एकदा बांधून कायमचे मोकळे होण्याचे देऊळ नव्हे, ते दरसाल उपसावा लागणाऱ्या विहिरीसारखे आहे.

विद्येने दिलेली देणगी बियाण्याच्याच रूपाने येते असेही नाही. कधी ती एका शब्दाच्या रूपाने येते. मराठवाड्याचा ‘अनुशेष’ हा शब्द आज प्रत्येक सभेत, प्रत्येक निवेदनात आणि प्रत्येक उमेदवाराच्या तोंडी आहे. पुण्याच्या गोखले संस्थेत हयात घालविलेले अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने १९८३ साली समिती नेमली; तिने रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य अशा एकेका खात्यात कोणता जिल्हा राज्याच्या सरासरीच्या किती मागे आहे याचा ताळेबंद मांडला आणि १९८४ साली अहवाल दिला. तोपर्यंत जी नुसती हाकाटी होती ती त्या दिवसापासून बाकी झाली. आणि हाकाटीकडे सरकारला काणाडोळा करता येतो, बाकीकडे करता येत नाही. याउलट मोजणी वेळेवर झाली नाही म्हणजे काय होते तेही आपल्याच बीड जिल्ह्याने पाहिले. ऊसतोडणी कामगार स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा बोभाटा होऊन २०१९ साली सरकारी चौकशी झाली, तेव्हा पाहणी केलेल्या सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची ती शस्त्रक्रिया झालेली आढळली. एवढ्या आयाबाया आपल्याच आळीत राहत असता तो आकडा आपल्याला बाहेरून ऐकावा लागला, याची लाज विद्वानांनी आणि आपण सारख्या वाट्याने घ्यावी.

संशोधन आमच्या इतक्या जिव्हाळ्याचे आहे, म्हणूनच ते कुलुपात राहू नये असा आमचा आग्रह आहे. प्रबंध संगणकावर सर्वांना खुले आहेत, असे उत्तर मिळते. ते खरे आहे. परंतु चारशे पानांचा इंग्रजी प्रबंध, किंवा इंग्रजीपेक्षाही अवघड अशा मराठीत लिहिलेला प्रबंध, ज्याच्याविषयी लिहिला त्याला वाचता येत नसेल तर तो खुला असून बंदच म्हटला पाहिजे. या बाबतीत निजामी अमलाचा एक दाखला देण्याचा मोह होतो. हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली उर्दू माध्यमातून सुरू झाले. ती भाषा मराठवाड्याच्या रयतेची नव्हती आणि तो अन्याय आपल्या वडीलधाऱ्यांनी सोसला. पण वर्ग उघडण्यापूर्वीच त्या दरबाराने ‘दार-उल-तर्जुमा’ हे भाषांतराचे खाते उघडले होते, हे विसरता येत नाही. लोकशाहीतील मराठी विद्यापीठांनी एवढी दूरदृष्टी तरी त्या दरबाराकडून उसनी घ्यावी. आणि दरबार कशाला? बंकटस्वामी महाराजांच्या या गावाला कीर्तन नवे नाही. ग्रंथ कितीही गहन असो, कीर्तनकाराला टाळकऱ्यांच्या मध्ये उभे राहून, समोरच्या निरक्षर म्हातारीची मान डोलेपर्यंत निरूपण करावे लागते. तिची मान डोलली नाही तर विद्वत्ता फिकी पडते.

कोणी म्हणेल, ज्ञान हे ज्ञानासाठीच असते, त्याला बाजाराच्या तराजूत घालू नका. मान्य आहे. अंबाजोगाईचे शिलालेख पंडितांनी वाचले नसते तर यादवांचा सेनापती खोलेश्वर आपल्या लेखी देवळाच्या नावापुरताच उरला असता, आणि त्या वाचनाने कोणाच्या तुरीला एक शेंग अधिक लागली नाही. तरीही ते वाचन आम्हाला हवे आहे. आम्ही उपयोग मागत नाही, वाटा मागतो. ज्या कायद्याने आज राज्याची अकृषी विद्यापीठे चालतात त्या २०१६ सालच्या कायद्याच्या नावातच ‘सार्वजनिक’ हा शब्द आहे. मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजी स्थापन झाले, त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव मिळावे म्हणून १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षे दलितांनी लढा दिला, घरे जळताना पाहिली, माणसे गमावली. ज्या संस्थेच्या नावासाठी गरिबांनी एवढी किंमत मोजली, तिच्या दप्तरावर त्यांचा हक्क नाही असे कोण म्हणेल?

आता आपल्या पदरचे दोषही पाहू. पाहणीवाला आला की रेशन कापले जाईल या धास्तीने आपण जमीन कमी सांगतो, अनुदान मिळेल या आशेने नुकसान जास्त सांगतो, आणि मग निष्कर्ष चुकला म्हणून विद्वानाला हसतो. खोट्या मापाने धान्य घालणाऱ्याला चोख हिशेब मागण्याचा अधिकार नाही. तेव्हा खरे सांगू, आणि मग पोच मागू.

आमच्या मागण्या तीनच आहेत :

१. या गावातून माहिती नेणाऱ्या प्रत्येक संशोधकाने काम पुरे झाल्यावर निष्कर्षाचा चार पानी सारांश सुबोध मराठीत ग्रामपंचायतीच्या आणि शाळेच्या दप्तरी दाखल करावा.

२. त्याने एकदा ग्रामसभेपुढे उभे राहून तो वाचून दाखवावा आणि लोकांच्या शंकांना उत्तरे द्यावीत. चूक दाखविली गेल्यास ती नोंदवून घ्यावी.

३. गावाने आपले प्रश्न लिहून विद्यापीठाकडे पाठवावेत आणि विद्यापीठाने विषय ठरविताना ते विचारात घ्यावेत. विहिरी कोणत्या महिन्यात आटतात, ऊसतोडीला गेलेल्या मुलांची शाळा कोठे तुटते, जनावरांच्या बाजारात देशी बैलांची आवक का घटली वा वाढली, हे आमचे पहिले तीन प्रश्न समजावेत.

यांपैकी एकाही गोष्टीला नवे अनुदान लागत नाही. लागतात चार कागद, एसटीचे एक तिकीट आणि दिलेला शब्द पाळण्याची दानत. येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडला जाईल, त्या वेळी आपण अगत्याने हजर राहावे. माझी आई तिच्या प्रश्नाच्या उत्तराची वाट पाहून गेली. आता तोच प्रश्न ठरावाच्या भाषेत, गावाच्या सही-शिक्क्यानिशी, आवक-जावक क्रमांक घालून पाठवावयाचा आहे.

आपला नम्र,
नेकनूरचा एक निवृत्त शाळामास्तर

(वाचून झाल्यावर हे पत्रक शेजाऱ्यास द्यावे, त्यास वाचता येत नसेल तर वाचून दाखवावे.)