फुगडी, लंबक आणि अंगणवाडी

छत्तीसगड शासनाने २०२२ मध्ये ‘छत्तीसगढिया ऑलिंपिक’ भरवले, तेव्हा त्यात फुगडीलाही स्थान मिळाले. महाराष्ट्रात दोघी हात गुंफून गिरक्या घेतात. छत्तीसगडी फुगडी उकिडवे बसून, पाय आळीपाळीने पुढेमागे टाकत खेळली जाते. गाण्याची साथ दोन्हीकडे असते. खेळाला प्रतिष्ठा लाभली हे उत्तमच. परंतु स्पर्धेत अधिक काळ कोण टिकते एवढाच प्रश्न उरतो. बालमनाच्या वाढीसाठी मोलाची गोष्ट त्याहून वेगळी आहे.

लायप्झिगच्या माक्स प्लांक संस्थेतील किर्श्नर आणि टोमासेलो यांनी २०१० मध्ये चार वर्षांच्या ९६ मुलांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. काही जोड्या एकत्र गात-वाजवत खेळल्या, इतर जोड्या तोच खेळ संगीताविना. नंतर सोबत्याच्या गोट्या सांडल्या, तेव्हा मदतीला धावण्याची वृत्ती संगीताच्या गटात अधिक दिसली.

कॅनडातील लॉरा सिरेली आणि सहकाऱ्यांचा २०१४ मधील प्रयोग याहूनही सूचक आहे. १४ महिन्यांच्या बाळांना कडेवर घेऊन संगीताच्या तालावर हलकेच उसळवले गेले. समोरची संशोधिका त्याच लयीत हलली असेल, तर पुढे तिच्या हातून पडलेली वस्तू बाळ अधिक तत्परतेने उचलून देई. दोघांच्या हालचाली नेमक्या उलट, म्हणजे एक वर असताना दुसरा खाली, अशा असल्या तरी परिणाम टिकला. म्हणजे सारखेपणा नव्हे, तर परस्परांशी बांधली गेलेली लय निर्णायक. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे हायगेन्स आठवेल. १६६५ मध्ये समाईक आधारावर टांगलेल्या त्याच्या दोन घड्याळांचे लंबक असेच विरुद्ध दिशांनी, पण एका लयीत डोलू लागले होते. (उपमा फार ताणू नये, लंबकाला रुसवा येत नाही.)

ध्वनिक्षेपकावरचे बालगीत मात्र अडखळलेल्या मुलासाठी थांबत नाही, त्याला सावरूनही घेत नाही.

या प्रयोगांतील परिणाम तात्कालिक आहेत. त्यांच्या आधारे ‘संगीताने भावनिक बुद्धिमत्ता वाढवा’ अशी जाहिरात करणे अप्रामाणिक ठरेल. तरीही दावा पुरेसा भक्कम आहे. नवा रायपुरात मूळ गावांतील छत्तीसगडी बोलणारी मुले आणि नोकरीनिमित्त आलेल्या कुटुंबांतील मुले शेजारी वाढत आहेत. अंगणवाडीत त्यांनी रोज दहा मिनिटे हातात हात घेऊन गाण्यास ना ध्वनिसंच लागतो, ना बक्षीस. लागते ती त्यांच्यासोबत जमिनीवर बसून गाणारी सेविका, आणि नोंदवह्या व ‘पोषण ट्रॅकर’ यांतून तिची दहा मिनिटे सुटका करणारा शासकीय आदेश.