कारागीर मोठा, व्यवस्था कुठे?

एप्रिल महिन्यातील गोष्ट. आमच्या परिचयातील एक तरुण वातानुकूलन यंत्रांच्या दुरुस्तीचा व्यवसाय करतो. आय.टी.आय.चा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, मग काही वर्षे नोकरी आणि त्यानंतर स्वतःचा व्यवसाय, असा त्याचा प्रवास. हात कसबी, जीभ गोड आणि वृत्ती प्रामाणिक. यंत्राचा आवाज ऐकून दोष सांगणारा म्हणून त्याची ख्याती. हाताखाली तीन मुले. कोणत्याही ग्राहकाचा दूरध्वनी आला की त्याचे ठरलेले उत्तर असे : "काळजी करू नका, मी स्वतः येतो."

ऐन हंगामात त्याला काविळीने गाठले आणि तीन आठवडे तो अंथरुणाला खिळला. दुकान उघडे होते, मुले कामाला तयार होती, अवजारे जागच्या जागी होती. पण काम ठप्प झाले. कोणत्या ग्राहकाला कोणता दिवस दिला आहे, कोणाकडून किती येणे आहे, कोणत्या यंत्राचा सुटा भाग मागवला आहे, हे सारे त्या एका माणसाच्या डोक्यात होते. त्याची पत्नी दिवसभर भ्रमणध्वनी कानाला लावून ग्राहकांची क्षमा मागत होती. दहा वर्षांत जोडलेल्या ग्राहकांपैकी कितीतरी जण त्या तीन आठवड्यांत दुसरीकडे गेले. त्यांना दोष कसा देणार? मे महिन्याच्या उकाड्यात कोणी किती थांबावे!

हा प्रसंग एका आजारपणाचा म्हणून सोडून देता येणार नाही. आपल्या मध्यमवर्गीय घरांतून आता मुले व्यवसायात उतरू लागली आहेत, ही आनंदाची बाब आहे. परंतु त्यांतील अनेकांचा व्यवसाय एका मर्यादेपाशी येऊन अडतो. ती मर्यादा भांडवलाची असते, असे आपण समजतो. वस्तुतः ती मालकाच्या चोवीस तासांची असते. जो व्यवसाय मालकाच्या दोन हातांवर चालतो, तो त्या दोन हातांएवढाच वाढतो.

या क्षेत्रात काम कमी आहे असे मुळीच नाही. केंद्र सरकारने मार्च २०१९ मध्ये जाहीर केलेल्या शीतकरण कृती आराखड्यात, २०१७-१८ च्या तुलनेत २०३७-३८ पर्यंत देशाची शीतकरणाची गरज सुमारे आठपट होईल, असा अंदाज वर्तवला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये वातानुकूलन यंत्रांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. म्हणजे यंत्रे घरोघरी पोहोचणार आणि प्रत्येक यंत्राला बसवणारा, धुणारा, दुरुस्त करणारा लागणार. हे काम कोणाच्या वाट्याला येईल, हा खरा प्रश्न आहे. मुंबईत १९४३ साली मोहन अडवाणी यांनी सुरू केलेली ब्लू स्टार ही कंपनी प्रारंभी जुनी शीतकपाटे आणि वातानुकूलन यंत्रे दुरुस्त करण्याचेच काम करीत असे. दुरुस्तीचे काम लहान नसते. ते लहान राहते, कारण त्याला व्यवस्थेची जोड मिळत नाही.

मग व्यवस्था म्हणजे नेमके काय? महागडे संगणक आणि वातानुकूलित कार्यालय नव्हे. पहिली पायरी नोंदीची. प्रत्येक तक्रारीला क्रमांक, प्रत्येक यंत्राचे एक पान. ते कधी बसवले, त्यात कोणता वायू आहे, कोणता भाग केव्हा बदलला, गेल्या खेपेस कोण गेले होते. हे पान तयार असेल तर काल कामावर आलेला मुलगाही ग्राहकाच्या दारात अनोळखी ठरत नाही. ते दोनशे पानी वहीत असो की भ्रमणध्वनीत, मालकाच्या डोक्याबाहेर असले पाहिजे.

दुसरी पायरी कामाच्या रीतीची. 'गॅस कमी झालाय, भरावा लागेल' हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. वास्तविक या यंत्रातील वायूचा मार्ग बंदिस्त असतो. तो पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता वायू भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे. योग्य रीत ठरलेली आहे : नायट्रोजनचा दाब देऊन गळती तपासावी, ती बुजवावी, निर्वात पंपाने नळ्यांतील हवा आणि ओलावा काढावा आणि मग यंत्राच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतकाच वायू काट्यावर मोजून भरावा. ही रीत कागदावर लिहून प्रत्येकाच्या पिशवीत असेल, तर प्रामाणिकपणा मालकाच्या उपस्थितीवर अवलंबून राहत नाही.

यात सुरक्षेचाही प्रश्न आहे. जुन्या यंत्रांतील आर-२२ वायू पेट घेत नसे. आजच्या बहुसंख्य घरगुती यंत्रांतील आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे आणि काही यंत्रांतील आर-२९० म्हणजे तर प्रोपेनच. जुन्या सवयीने, नळीत वायू शिल्लक असताना ज्योत लावणे आता जिवावर बेतू शकते. त्याहून रोजचे संकट म्हणजे सातव्या मजल्याच्या सज्जावर, पट्ट्याशिवाय बाहेरच्या युनिटपाशी वाकलेला मुलगा. 'पट्टा नसेल तर काम नाही' हा नियम हवा आणि ग्राहक कितीही घाई करीत असला तरी नकार देण्याचा अधिकार त्या मुलाला हवा. कोणाच्या घरचा मुलगा आपण बाहेर उभा केला आहे, याचे भान म्हणजेच व्यवस्था.

तिसरी पायरी ऋतूचे गणित. मार्च ते मे श्वास घ्यायला फुरसत नाही आणि पावसाळ्यात हात रिकामे. वार्षिक देखभालीचे करार करून धुण्याचे काम जानेवारी-फेब्रुवारीत उरकले तर हंगामातील तक्रारी घटतात. पावसाळा-हिवाळ्यात गरम पाण्याची यंत्रे, वसतिगृहांचे व रुग्णालयांचे उष्णता पंप यांची कामे घेता येतात. थंड करणे आणि तापवणे, दोन्हींचे शास्त्र एकच : उष्णता एका जागेहून दुसऱ्या जागी नेणे. बारा महिने काम असेल तरच हाताखालची मुले टिकतात.

चौथी पायरी पैशाची. मोठी आस्थापने लहान व्यावसायिकाचे पैसे महिनोन् महिने थकवतात आणि आपला माणूस भिडेखातर गप्प बसतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार, नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु सेवा-व्यावसायिकाचे पैसे करार असला तरी ४५ दिवसांच्या आत देणे बंधनकारक आहे. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याजाची तरतूद आहे. परंतु ज्याच्यापाशी कामाची तारीख आणि ग्राहकाची सही नाही, त्याला कायदा तरी कसा तारणार?

यावर एक आक्षेप हमखास येतो : व्यवस्था आली की आपुलकी जाते, माणूस यंत्र बनतो. हा आक्षेप अगदीच निराधार नाही. मोठ्या कंपन्यांना दूरध्वनी केल्यावर 'एक दाबा, दोन दाबा' ऐकून कोण वैतागलेले नाही! मात्र तो दोष व्यवस्थेचा नाही, माणसाला विसरलेल्या व्यवस्थेचा आहे. आपण दिलेला शब्द आपण आजारी असतानाही पाळला जावा, याहून मोठी आपुलकी कोणती?

मार्च १६६६ मध्ये शिवाजी महाराज राजगडाहून आग्र्याकडे निघाले. राजा शेकडो कोस दूर, पुढे तर शत्रूच्या पहाऱ्यात. तरीही जिजाऊसाहेबांच्या देखरेखीखाली स्वराज्याचा कारभार चालू राहिला. कर्तृत्ववान पुरुषाची खरी परीक्षा त्याच्या अनुपस्थितीत होते, याचा याहून मोठा दाखला आपल्या इतिहासात शोधावा लागणार नाही. त्या इतिहासाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी आपल्या दुकानातही ही कसोटी लावून पाहावी.

आमचा तो तरुण आता बरा आहे. त्याच्या पत्नीने तक्रारींची वही हाती घेतली आहे. गेल्या महिन्यात त्याला घरचा दूरध्वनी केला, तेव्हा पलीकडून उत्तर आले : "तुमच्या यंत्राचे पान माझ्यासमोर आहे. उद्या सकाळी दहा वाजता आमचा माणूस येईल." आणि खरोखरच, दहाच्या ठोक्याला एक मुलगा दारात उभा होता. तो मालक नव्हता. तरीही काम चोख झाले.