नातवाचा पहिला रोजा आणि दादीची वाट

घरातल्या लहानग्याने पहिला रोजा ठेवला की त्या दिवशी घरात सणच असतो. रोजाकुशाईला नवे कपडे, गळ्यात फुलांचा हार आणि मगरीबची अजान होताच तोंडात पहिला खजूर. तो खजूर भरवायला दादी किंवा नानी पुढे सरसावते. पण काही घरांत दादीला हा सोहळा कुणाच्या तरी मोबाइलवर पाहावा लागतो. मुलगा-सुनेचा तलाक झालेला असतो, नाहीतर मुलगा अकाली गेलेला असतो आणि सून लेकरांसह माहेरी. भांडण मोठ्यांचे, ताटातूट लहानांची. शेजारच्या आळीतले आजी-आजोबाही दिवाळीला असेच दाराकडे डोळे लावून बसतात.

अशा आजी-आजोबांना कायदा काय देतो? नातवंडांना भेटण्याचा स्वतंत्र हक्क सांगणारे थेट कलम आपल्याकडे नाही. १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाखाली कोर्टात जाता येते. तिथे मुलाचे हित हीच मुख्य कसोटी. हनफी परंपरेत लहान मुलाच्या संगोपनाचा, म्हणजे हिजानतीचा हक्क आईनंतर नानीकडे आणि मग दादीकडे जातो. पण हा क्रम सांभाळण्याचा आहे. भेटीचे वार त्यातून ठरत नाहीत.

२०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने करोनात आई-वडील गमावलेल्या गुजरातमधल्या एका मुलाचा ताबा आजी-आजोबांना दिला. मावशी वयाने लहान, नोकरी करणारी, म्हणून उच्च न्यायालयाने तिला पसंती दिली होती. केवळ वय आणि उत्पन्नावर हे ठरू शकत नाही, असे वरच्या न्यायालयाने सांगितले. फ्रान्सचा दिवाणी कायदा आणखी पुढे जातो. आजी-आजोबांशी नाते ठेवण्याचा हक्क तो मुलाला देतो आणि मुलाच्या हिताखेरीज दुसरे कोणतेही कारण त्याआड येऊ देत नाही. आपल्याकडेही कायदा असाच हवा. हक्क मुलाचा मानला, की आजी विरुद्ध आई असा सामना उभा राहत नाही.

आईची भीतीही खोटी नसते. मूल भेटीला गेले आणि परत पाठवलेच नाही तर? तिकडे तिच्याविरुद्ध कान भरले तर? ज्या घरात तिचा छळ झाला, तिथे मूल पाठवायला तिचे मन धजावत नाही. म्हणून पहिले पाऊल आजी-आजोबांनी टाकावे. भेट तिला सोयीच्या जागी घ्यावी, ठरल्या वेळी मूल परत द्यावे आणि सुनेबद्दल वाईट शब्द काढू नये.

रमजानमध्ये सिला-ए-रहमीवर, म्हणजे रक्ताची नाती जोडून ठेवण्यावर, मशिदीत बयान होते. पैगंबर मुहंमद (स.) यांचे वडील त्यांच्या जन्माआधीच वारले, ते सहा वर्षांचे असताना आईही गेली. त्यानंतर आजोबा अब्दुल मुत्तलिब यांनी त्यांना छायेत घेतले. पुढे ते स्वतः आजोबा झाले. सजद्यात असताना नातू पाठीवर चढला तेव्हा त्याचे खेळणे होईपर्यंत त्यांनी सजदा लांबवला, अशी रिवायत आहे.

तलाक किंवा खुल्याच्या वेळी जमातीचे बुजुर्ग बसतात. मेहेर, दागिने, जहेजचे सामान, सगळे कागदावर येते; चमचे-भांडीही मोजली जातात. त्याच कागदावर आणखी एक ओळ लिहावी : मुले दादा-दादीला आणि नाना-नानीला महिन्यातून कधी भेटतील, ईद कुठे करतील. वकिलांनीही घटस्फोटाच्या संमतीच्या अटींत ती घालावी, मग पक्षकार कोणत्याही धर्माचे असोत. ही ओळ लिहायला पैसा लागत नाही. नंतर तीच मिळवायला कोर्टात वर्षे जातात आणि तेवढ्यात नातू दादीचा चेहरा विसरतो.

ईदला अजून दिवस आहेत. कुणाच्या तरी कपाटात ईदीचे पाकीट तयार आहे. ते नातवाच्या हाती पडावे यासाठी दोन्ही घरांतून एक फोन तरी व्हावा.