नावे ठेवणाऱ्यांसाठी
कीटकांना नावे देणाऱ्या वर्गीकरणशास्त्राला नावे ठेवणाऱ्यांनी साबुदाण्याकडे पाहावे. साबुदाणा ज्या कसावाच्या कंदापासून होतो, त्या पिकावरचा परदेशी पिठ्या ढेकूण २०२० मध्ये केरळात आढळला. त्याचा काळ ठरणारी ‘अ‍ॅनागायरस लोपेझी’ ही एन्सर्टिडी कुळातील इवलीशी परजीवी गांधीलमाशी. तिची अळी ढेकणाला आतून पोखरून मारते. आफ्रिकेत याच किडीशी लढताना प्रथम तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या जातीचे शत्रू गोळा केले गेले. ते निरुपयोगी ठरले. भारतात कीड अचूक ओळखली गेली, म्हणूनच बेनिनहून आणलेली ही गांधीलमाशी २०२२ मध्ये तामिळनाडूत सोडता आली. किडीचे नाव चुकले, की उपायही चुकतो. मग वर्गीकरणाला जुनाट विषय म्हणून अडगळीत टाकणे कोणत्या शहाणपणात बसते?