शतायुषी कोणी व्हावे?

दिवाळीत थोरांच्या पाया पडले की त्यांच्या तोंडून 'शतायुषी हो' हा आशीर्वाद निघतो. देणाऱ्याला त्याचे काही मोल पडत नाही आणि घेणाराही तो फारसा मनावर घेत नाही. चकलीकडंबोळ्यांइतकाच तो आपल्या सणाचा भाग आहे. परंतु अलीकडे हा आशीर्वाद बाजारात आला आहे. त्याच्या बाटल्या निघाल्या, कंपन्या निघाल्या, आणि 'म्हातारपण हा एक रोग आहे, तो आम्ही बरा करू' असे सांगणारे शास्त्रज्ञ आणि दुकानदार एकाच व्यासपीठावर बसू लागले. ह्या जोडीतल्या दुकानदाराशी माझे उघड भांडण आहे. शास्त्रज्ञाशीही थोडे आहे, ते ओघाने येईल.

आधी शास्त्रज्ञाचे श्रेय त्याला देऊन टाकू. अमेरिकेत मॅके नावाच्या संशोधकाने १९३५ मध्ये दाखवले की पोषण पुरेसे ठेवून अन्न कमी दिले, तर प्रयोगशाळेतले उंदीर अधिक जगतात. (आपल्याकडे 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण असल्यामुळे हा शोध आपल्या हातून लागण्याचा संभव नव्हता.) १९६१ मध्ये हेफ्लिकने सिद्ध केले की माणसाची पेशी साधारण पन्नास वेळा दुभंगते आणि मग थांबते. पुढे त्याचे कारणही सापडले. आमच्या सोलापुरी चादरीच्या टोकाला दशांच्या गाठी असतात. त्या झिजल्या की वीण उसवू लागते. गुणसूत्रांच्या टोकांना तशाच गाठी असतात आणि पेशी दुभंगताना त्या थोड्याथोड्या झिजतात. ह्या शोधाला २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९९३ मध्ये सिंथिया केनियन ह्या बाईंनी मातीतल्या एका मिलिमीटरभर किड्याच्या एकाच जनुकात बदल झाला की त्याचे आयुष्य दुप्पट होते, हे जगाला दाखवले. ते जनुक आपल्या ओळखीच्या इन्शुलिनच्या कारभारातले निघाले. म्हणजे अन्न मुबलक आहे की टंचाई आहे, ही बातमी शरीर पेशीला ज्या मार्गाने पोचवते, त्याच मार्गावर म्हातारपणाची चावी आहे. हे खरे शास्त्र आहे आणि त्याला माझा नमस्कार आहे.

आता दुकानदाराकडे वळू. मागच्या वर्षी सोलापुरातल्या एका मंगल कार्यालयात दीर्घायुष्यावर व्याख्यान होते. मी ह्या गावात पुष्कळ वर्षे शाळेत शास्त्र शिकवले असल्यामुळे कुतूहलाने गेलो. व्याख्यात्याने ह्या साऱ्या शोधांची नावे झपाझप घेतली आणि शेवटी पिशवीतून बाटली काढली. तिच्यातल्या गोळ्यांनी म्हणे गुणसूत्रांच्या गाठी पुन्हा लांब होतात. मी विचारले, "ह्या गाठी लांब ठेवणारे टेलोमरेज नावाचे विकर कर्करोगाच्या बहुतेक पेशी स्वतःच वापरतात आणि त्याच्याच बळावर अमर होतात. तुमची गोळी चांगली पेशी आणि वाईट पेशी कशी ओळखते?" त्यावर गृहस्थ म्हणाले, "आजोबा, श्रद्धा ठेवा." प्रयोगशाळेतून निघालेली गोष्ट अखेर श्रद्धेवर विकली जात होती. पुढच्या रांगेतल्या पेन्शनर मंडळींनी मात्र पाकिटे काढली होती.

हा धंदा आजचा नाही. १८८९ मध्ये ब्राउन-सेकार नावाच्या नामांकित शास्त्रज्ञाने कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या ग्रंथींचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि आपण तरुण झाल्याचे जाहीर केले. पाच वर्षांनी तो वारला. १९२० च्या दशकात पॅरिसचा व्होरोनॉफ श्रीमंतांच्या शरीरात माकडांच्या ग्रंथी बसवत होता. आपल्याकडे १९३८ मध्ये पंडित मदनमोहन मालवीयांसारख्या थोर पुरुषाने एका तपस्वीबाबाकडून कायाकल्प करून घेतला. नव्या काळात फक्त आकडे वाढले. लाल द्राक्षारसातल्या एका द्रव्याने आयुष्य वाढते ह्या आशेवर उभी राहिलेली कंपनी एका बड्या औषध कंपनीने २००८ मध्ये ७२ कोटी डॉलरला विकत घेतली आणि २०१३ मध्ये तिला कुलूप लावले. २०२२ मध्ये पेशींना पुन्हा तरुण करण्यासाठी ३०० कोटी डॉलरची नवी संस्था निघाली.

आणि आपल्या पुराणातला ययाती तर पुन्हा जन्माला आला! २०२३ मध्ये ब्रायन जॉन्सन नावाच्या अमेरिकन धनिकाने आपल्या सतरा वर्षांच्या मुलाच्या रक्तातला द्रव स्वतःच्या शरीरात घेतला. पुरूने बापाला तारुण्य दिले तेव्हा ते निदान उपयोगी तरी पडले होते. ह्या गृहस्थाने पुढे स्वतःच सांगितले की काही फायदा दिसला नाही. तरुणांचा रक्तद्रव घेऊन म्हातारपण हटते ह्याला पुरावा नाही, असा इशारा अमेरिकेच्या औषध खात्याने २०१९ मध्येच दिला होता. पण पुराण वाचले नाही आणि सरकारी पत्रकही वाचले नाही, की असे होते.

ही झाली मौज. आता मुद्द्याचे बोलतो. किड्याचे आयुष्य दुप्पट झाले तेव्हा जगभर टाळ्या पडल्या. माणसाचे आयुष्य दुप्पट झाले, त्याला टाळी कोणी वाजवली? स्वातंत्र्याच्या सुमारास हिंदुस्थानातले सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होते. आज ते सत्तरीच्या आसपास आहे. दुपटीहून अधिक! आणि त्यासाठी एकाही जनुकाला हात लावावा लागला नाही. देवीची लस टोचली गेली, हिवतापाच्या डासांवर फवारणी झाली, पेनिसिलीन आले, बाळंतिणीला दवाखाना मिळाला, नळाला बरे पाणी आले, रेशनवर धान्य आले. जन्मल्याबरोबर मरणारी मुले जगू लागली. दीर्घायुष्याचा हा जगातला मोठा प्रयोग नव्हे काय? त्याचे कर्ते लस टोचणारे आणि नर्सबाई ह्यांची नावे कोणत्याही बाटलीवर नाहीत.

कोणी म्हणेल, ते जुने काम झाले, आता पुढचा प्रश्न पेशीचाच आहे. बरे, पेशीचेच बोलू. त्यासाठी सॅन फ्रान्सिस्कोला जायला नको. पुण्यापर्यंत गेले तरी पुरे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी ह्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या स्त्रियांची, त्यांच्या गरोदरपणाची आणि मुलांची नोंद ठेवायला सुरुवात केली. ही बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडातल्या साउथम्प्टनची साडेतीन किलोची. आपली बाळे दिसायला बारीक. पण मोजून पाहिल्यावर दिसले की कमी होते ते मांस. चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. बारीक, पण आतून मेदाचे बाळ! डॉ. याज्ञिकांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' ह्या नियतकालिकात आपला आणि लंडनच्या डॉ. यडकिन ह्यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, निर्देशांक दोघांचाही २२.३. परंतु शरीरातली चरबी यडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के!

ह्याचा म्हातारपणाशी काय संबंध, असे विचाराल. संबंध सरळ आहे. आईच्या पोटात टंचाईची बातमी मिळालेले शरीर टंचाईचीच तयारी करते. पुढे शहरात येऊन त्याला साखर आणि तेल मिळाले की इन्शुलिनचा तोच कारभार कोलमडतो. म्हणून आपल्या लोकांना मधुमेह युरोपियनांच्या मानाने लवकर आणि सडपातळ असतानाच गाठतो, आणि मधुमेह म्हणजे डोळे, मूत्रपिंड, हृदय ह्यांना घाईने आलेले म्हातारपणच. त्याच खेड्यांतून आणखी एक गोष्ट दिसली. ज्या आयांच्या रक्तात फोलेट जास्त आणि बी-१२ जीवनसत्त्व कमी होते, त्यांच्या मुलांच्या शरीरात सहाव्या वर्षीच इन्शुलिनला दाद न देण्याची खोड अधिक दिसली. हे जीवनसत्त्व दूध, दही, अंडी, मासे, मटण ह्यांत असते. तात्पर्य, किड्याच्या ज्या मार्गावर केनियनबाईंना चावी सापडली, त्याच मार्गावर आपल्या मुलांचे कुलूप आईच्या ताटात अडकले आहे. म्हातारपण साठाव्या वर्षी सुरू होत नाही. ते जन्माआधी सुरू होते. २०१२ पासून पुण्याच्या ह्या मंडळींनी त्याच मुलामुलींना, ते स्वतः आईबाप होण्याआधी, बी-१२ देऊन पाहण्याचा प्रयोगही आरंभला. त्याचे नाव 'प्रिया'. दीर्घायुष्याचे संशोधन म्हणतात ते ह्याला!

आता आमच्या गावाकडे या. सोलापूर हे गिरण्यांचे गाव म्हणून वाढले. जुनी गिरणी १८७७ ची. गिरण्या गेल्या, यंत्रमाग राहिले, आणि घराघरांत विड्या वळणाऱ्या हजारो बाया राहिल्या. पूर्व भागातल्या कोणत्याही बोळातून दुपारी चालत जा. उंबऱ्याशी मांडीवर सूप, सुपात तंबाखू, हातात कात्री आणि तेंदूचे पान. मान खाली, पाठ वाकलेली. हजार विड्या व्हायच्या असतात. तंबाखूची धूळ नाकातोंडात जाते, शेजारच्या पाळण्यातल्या पोराच्याही जाते. चाळिशीची बाई साठीची दिसते. तिच्या गुणसूत्रांच्या गाठी मोजायला कोणी आलेले नाही, आणि मोजायची गरजही नाही. रोज पाहणाऱ्या आम्हांला ते दिसतेच आहे. दहीदूध तिच्या ताटात येते ते पाहुण्याच्या निमित्ताने. ती पोटुशी असते तेव्हाही येत नाही. ह्या बाईला 'शतायुषी हो' म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

येथे काही सज्जन हळूच पुढे येतात आणि म्हणतात, "अहो, किती जगला ह्यापेक्षा कसा जगला हे महत्त्वाचे." मला ह्या वाक्याचा मनस्वी तिटकारा आहे. ते ऐंशी वर्षांचा मनुष्य चाळीस वर्षांच्या मनुष्याला ऐकवतो. आमच्याच सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनमध्ये जखमी सैनिकांची शुश्रूषा करता करता १९४२ मध्ये गेले, तेव्हा ते अवघे ३२ वर्षांचे होते. त्यांच्या मोठेपणाने ३२ हा आकडा मोठा होत नाही. महर्षी कर्वे १०४ वर्षे जगले. १८९६ मध्ये आश्रम, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ, असे एकावर एक काम करायला त्यांना वर्षे मिळाली. कोटणिसांना ती मिळती तर? जास्त जगावेसे वाटणे हा लोभ नाही. विडीवाल्या बाईलाही नातवंडांची लग्ने पाहायची असतात.

दुसरे म्हणतात, "संशोधन थांबवायचे काय?" मुळीच नाही. शास्त्रज्ञाशी माझे जे थोडे भांडण आहे ते एवढेच, की त्याने दीडशे वर्षांच्या बाता दुकानदाराला उसन्या देऊ नयेत, आणि आपला प्रश्न श्रीमंताच्या साठाव्या वर्षापासून सुरू न करता गरिबाच्या जन्मापासून करावा. आमच्या गावात १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याने विड्या वळणाऱ्या गरोदर बायांची आणि त्यांच्या मुलींची नोंद पुण्याप्रमाणे तीस वर्षे नेटाने ठेवावी. सरकारने अंगणवाडीतल्या ताटात अंडे आणि दूध नेमाने घालावे, आणि मालकांनी मजुरी अशी द्यावी की हजार विड्यांसाठी पाठ मोडावी लागू नये. अशक्य म्हणू नका. कुंभारीजवळ विडी कामगारांच्या लढ्यातून गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली आणि २००६ मध्ये बायांच्या हाती किल्ल्या आल्या. कोंदट खोलीतून उजेडाच्या घरात गेलेल्या त्या पोरांच्या आयुष्यात किती वर्षांची भर पडेल, ह्याचा हिशेब एखाद्या तरुण संशोधकाने जरूर करावा.

तेव्हा वाचकहो, ह्या दिवाळीत कोणी तुमच्या दारी दीर्घायुष्याची बाटली घेऊन आला, तर त्याला लाडू द्या, पाणी द्या आणि रिकाम्या हाताने परत पाठवा. ते पैसे घरी धुणेभांडी करणाऱ्या बाईच्या पोटुश्या सुनेला वर्षभर दूध लावण्यात घाला. त्या दुधाने एखादे आयुष्य लांबण्याचा संभव त्या बाटलीपेक्षा पुष्कळच जास्त आहे.