अंधाराचे नाट्य आणि उजेडातला नायक

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीवर बेतलेली ‘मुंबई डायरीज २६/११’ ही मालिका सप्टेंबर २०२१ मध्ये आली, आणि तिच्या वास्तवदर्शित्वाची स्तुती आम्ही तेव्हापासून ऐकत आहोत. रक्त खरे वाटते, स्ट्रेचरची धावपळ खरी वाटते, हे आम्हांस मान्य आहे. आमचा आक्षेप वेगळा आहे. रुग्णालयात नाट्य नेमके कोठे असते, याविषयीची या मालिकेची समजूतच मुळात चुकीची आहे.

मालिकेचा सारा भार डॉ. कौशिक ओबेरॉय या शल्यविशारदावर आहे. जखमी हल्लेखोरावर उपचार करणाऱ्या या डॉक्टरास आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जाते, आणि कर्तव्य थोर की देश, असा पेच प्रेक्षकासमोर टाकला जातो. हा पेच दिसतो भव्य, पण वैद्यकीय नीतीने तो केव्हाच सोडवलेला आहे: टेबलावरचा माणूस रुग्ण असतो. सुटलेल्या प्रश्नाला पार्श्वसंगीत जोडून तो न सुटलेला भासवणे, यास आम्ही शोकात्म संघर्ष म्हणू शकत नाही.

आता त्याच रात्रीचे कामा रुग्णालय पाहा. १८८६ मध्ये सुरू झालेले हे स्त्रियांचे रुग्णालय. त्याच्या आरंभीच्या कारभाराशी एडिथ पीची या स्त्री डॉक्टरचे नाव निगडित आहे. हल्लेखोर आत शिरले, दोन पहारेकरी मारले गेले. प्रसूतिपूर्व कक्षात कामावर असलेल्या परिचारिका अंजली कुलथे यांनी दारे लावून घेतली, वीस गर्भवतींना एका लहानशा खोलीत हलवले, दिवे मालवले. त्यांपैकी एकीला कळा सुरू झाल्या, तेव्हा भिंतीच्या आधाराने तिला प्रसूतिकक्षापर्यंत नेले. पुढे त्यांनी कसाबला ओळखले, आणि डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे आपली साक्ष मांडली.

येथे संवाद नाहीत, कारण बोलणे म्हणजे मरण. दृश्य नाही, कारण दिवा लावणे म्हणजे मरण. वीस स्त्रियांचा रोखलेला श्वास, एवढीच या प्रसंगाची सामग्री. कोणत्याही नाटककाराने हेवा करावा असा हा प्रसंग! मालिकेत परिचारिका आहेत, नाही असे नाही. परंतु निर्णय घेणारा, चुकणारा आणि म्हणून नायक ठरणारा माणूस शस्त्र हाती असलेला डॉक्टरच.

कोणी म्हणेल, मालिकेतील ‘बॉम्बे जनरल’ हे काल्पनिक रुग्णालय आहे. कल्पिताला इतिहासाच्या मापाने का मोजता? आम्ही मोजत नाही. पण कल्पिताला निवडीचे स्वातंत्र्य असते, म्हणूनच निवडीची जबाबदारीही असते. केईएम रुग्णालयाच्या परिचारिकांनी अरुणा शानबाग यांची १९७३ पासून २०१५ पर्यंत शुश्रूषा केली. त्या चार दशकांत उत्कर्षबिंदू नाही, म्हणून तेथे कथाच नाही असे मानायचे काय?

हा केवळ रसास्वादाचा वाद नव्हे. आम्ही कांजूरमार्गचे रहिवासी. शेजारच्या भांडुपमधील महापालिकेच्या प्रसूतिगृहात एप्रिल २०२४ च्या अखेरीस वीज गेली. मोबाइलच्या उजेडात शस्त्रक्रिया झाली, असा कुटुंबीयांचा आरोप आहे. आई आणि बाळ दोघेही दगावले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. कामातला अंधार एका परिचारिकेने जीव वाचवण्यासाठी निवडला होता. भांडुपचा अंधार रुग्णांवर लादला गेला. अशा ठिकाणी लागतो तो चालू स्थितीतला जनित्रसंच, आणि त्याची तपासणी करणारा कर्मचारी. प्रतिभावान नायक संकटाच्या क्षणी सारे सावरतो, ही कथा वारंवार पाहिलेला प्रेक्षक त्या जनित्राविषयी कोणास जाब विचारणार?

वर्गात ही मालिका अवश्य लावावी. मात्र विद्यार्थ्यांना ओबेरॉयच्या पेचावर निबंध लिहावयास सांगण्याऐवजी, त्या रात्रीचा एक प्रवेश कामातल्या बंद खोलीतून लिहावयास सांगावा, दिवे मालवलेले ठेवून.