धर्मशिक्षणाच्या वर्गात माकडाचा प्रश्न



मिस्सानंतरच्या वर्गात दहावीतल्या एका मुलीने विचारले, "सर, आदाम खरा की माकड खरे?" मी म्हणालो, "ते शाळेत विचार, इथे नको." मुले हसली, ती गप्प बसली. चूक माझी होती.

माणूस आजच्या माकडापासून झाला, असे विज्ञान म्हणतच नाही. आपला आणि चिंपांझीचा पूर्वज एकच होता आणि सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी वाटा वेगळ्या झाल्या, असे ते म्हणते. पुरावा आपल्या पेशीतच आहे. चिंपांझीला गुणसूत्रांच्या २४ जोड्या, आपल्याला २३. कारण पूर्वजाची दोन गुणसूत्रे आपल्यात टोकाला टोक जुळून एक झाली. आपल्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात तो सांधा आजही दिसतो. नाताळच्या रात्री गायन टिपेला पोहोचले की अंगावर काटा येतो ना? घाबरलेल्या मांजरीचे केस ज्या स्नायूंनी फुलतात, तसलेच स्नायू आपल्या कातडीतही आहेत. फुलवायला केस मात्र फारसे उरलेले नाहीत!

यात विश्वास डळमळण्यासारखे काय आहे? देवाने माणसाला मातीतून घडवले, असे उत्पत्तीचे पुस्तक सांगते. आपल्या हाडांतले कॅल्शियम आणि रक्तातले लोह मातीतूनच मुळांवाटे ज्वारीच्या दाण्यात आणि भाकरीतून आपल्यात येते. मग सहा दिवसांचे काय, असे कोणी म्हणेल. सूर्य चौथ्या दिवशी झाला, हेही तिथेच लिहिले आहे. मग पहिले तीन दिवस कशाने मोजायचे? हे दिवस कसले, याचा विचार संत ऑगस्टीन यांनी सुमारे १६०० वर्षांपूर्वी केला होता, डार्विनच्या कितीतरी आधी.

शरीराच्या उगमाचा शोध घ्यायला पोप पायस बारावे यांनी १९५० मध्येच मोकळीक दिली. आत्मा मात्र थेट देवाकडून, हे बजावून. उत्क्रांती हे आता नुसते गृहीतक राहिलेले नाही, असे पोप जॉन पॉल दुसरे १९९६ मध्ये म्हणाले. आम्ही वर्ग घेणारेच हे वाचत नाही. 'देव की पुस्तक, एक निवड' असे मुलांना सांगितले, तर परीक्षा पुस्तकाचीच असते. मुले काय निवडतील?

त्या मुलीने गेले दोन रविवार काहीच विचारले नाही. येत्या रविवारी विज्ञानाचे पुस्तक घेऊन ये, असा निरोप मी तिच्या आईकडे दिला आहे.